त्याचं नाव कसं वाचायचं

अक्का, येत्या रविवारी चर्चमध्ये आमच्या मंडळीपुढे माझ्या पोरीच्या लग्नाची पहिली सूचना वाचणार आहेत, आणि तिचा बाप मेलाय की जिवंत आहे ते मला शनिवारपर्यंत पाळकसाहेबांना सांगायचंय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होतील. तुम्ही होतात तेव्हा मी कधी पत्र लिहिलं नाही, दोन खोल्या सोडून तर राहत होतात. आज लिहितेय, कारण हे ज्याच्यापुढे बोलावं असं जिवंत माणूस मला एक दिसत नाही. जे जिवंत आहेत ते सगळे मला एकच सांगतात, देवावर भरवसा ठेव. सात वर्षं सांगतायत. आता ते ऐकलं की हातातला तवा खाली आपटावासा वाटतो.

अक्षर बघू नका. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, आणि त्यातलं निम्मं तुम्हीच इथे धुळ्यात, देवपूरच्या मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे बसवून गिरवून घेतलंय. आई मेल्यावर बापानं मला इथे भाकऱ्या करायला आणून सोडलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्ही दवाखान्यात आजारी बायांना शास्त्र वाचून दाखवायच्या, दुपारी येऊन माझ्या पिठाच्या परातीत बोटानं अक्षरं काढायच्या. मी म्हणायचे, अक्का, पीठ खराब होतं. तुम्ही म्हणायच्या, पीठ मळलं की अक्षर पोटात जाईल, काढ. मी अजून त्याच स्वयंपाकघरात आहे. आता चूल गेली, गॅस आला, पण पोरी तेवढ्याच आणि भाकऱ्याही तेवढ्याच.

मंगळवारी पाळकसाहेब कागद घेऊन तिथेच आले. नवीन आहेत, माझ्या भाच्याच्या वयाचे, मला मावशी म्हणतात. तुम्हाला रीत ठाऊकच आहे. तीन रविवार उपासनेच्या शेवटी नावं वाचायची, अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, कुणाची हरकत असेल तर सांगा. आणि आईबापांत कुणी गेलेलं असलं तर नावाआधी ‘प्रभूमध्ये निजलेले’ म्हणायचं. पाळकसाहेबांनी मुलाकडचं सगळं भरलं होतं. आमच्याकडचं अर्धं भरून पेन थांबवलं.

‘मावशी, पोरीच्या वडिलांचं नाव कसं लिहू?’

‘नावासारखं लिहा.’

‘तसं नाही. पुढे निजलेले लिहू, की नको?’

मी म्हटलं, माझ्या भाकऱ्या करपतायत, नंतर या. ते गेले बिचारे. भाकऱ्या काही करपत नव्हत्या.

तुम्ही माझ्या नवऱ्याला पाहिलंय. केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, रावेरहून माल भरून दिल्लीला जायचा, पंधरा दिवसांनी घरी. माझ्यासाठी त्याचं स्थळ आलं तेव्हा मला काही कळेना. माणूस चांगला दिसत होता, पण घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. मी काय केलं आठवतं का? बोर्डिंगच्या मोठ्या बाईंच्या टेबलावर ती वचनांची पेटी होती, गुंडाळलेल्या चिठ्ठ्यांची. प्रत्येक चिठ्ठीवर शास्त्रातलं एक वचन, सकाळी एक काढायची आणि दिवसभर मनात धरायची. मी कोणी नसताना गेले आणि एकामागून एक काढत सुटले. मला ‘हो’ पाहिजे होतं. एकीत भिऊ नको असं निघालं, एकीत थांब असं निघालं, एकीत मेंढरांचं काहीतरी निघालं. टेबलावर ढीग झाला आणि मागे तुम्ही उभ्या. तुम्ही माझ्या हातावर मारलंत, जोरात, बांगडी फुटली. म्हणालात, ‘देवाशी बोलायचं तर तोंडानं बोल. त्याच्या तोंडात हात घालून आपल्याला पाहिजे तो शब्द ओढून काढू नकोस.’ मग माझ्याकडून एकेक चिठ्ठी परत गुंडाळून घेतलीत. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली. तुम्ही तुमची स्वतःची वचनांची पेटी दिलीत, आणि म्हणालात, ‘रोज एक. आणि निघेल तीच.’

मला तेव्हा राग आला होता. भेट द्यायची आणि वर टोमणाही द्यायचा.

सात वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तो नेहमीसारखा गेला. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, दोन दिवस टिकतात म्हणून. भांडण नव्हतं. हे मी पोलिसांना सांगितलं, दिराला सांगितलं, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं, सगळ्यांनी पहिलं तेच विचारलं. भांडण नव्हतं. पोरीला नर्सिंगला घालायचं की नाही यावर थोडं बोलणं झालं होतं, पण ते काही भांडण नव्हे. आठ दिवसांनी रावेरहून निरोप आला. मी धुळ्याहून जळगाव, जळगावहून रावेर अशी एस्टीनं गेले. ट्रकवाल्या शेठनं मला खुर्ची दिली, तेव्हाच मी समजले, कारण तो एरवी ड्रायव्हरच्या बायकांना खुर्ची देत नाही.

‘बाई, गाडी सापडली,’ तो म्हणाला. ‘ग्वाल्हेरच्या पुढे ढाब्याशी उभी होती. माल सडला सगळा. वासावरून लोकांनी पोलिसांना सांगितलं. माणूस नाही गाडीत.’

‘नाही म्हणजे?’

‘नाही म्हणजे नाही, बाई. चपला नाहीत, टॉवेल नाही. बाकी सगळं आहे. क्लीनर आजारी म्हणून त्या खेपेला नव्हता, तेवढंच वाईट झालं.’ मग त्यानं टेबलाखालून डबा काढला. ‘हा सीटवर होता. धुवून पालथा घातलेला.’

अक्का, त्या डब्यानं मला वेड लावलंय. ज्याला पळून जायचंय तो डबा कशाला धुईल? आणि ज्याला कोणी मारलं त्याला डबा धुवायला वेळ कुठला? तो घरीही कधी डबा धुवत नव्हता, तसाच आणून मोरीत टाकायचा, मी बडबडायचे. मी दिराला घेऊन ग्वाल्हेरला गेले. मला हिंदी येत नाही, दिराला मोडकी येते. ढाबेवाल्यानं सांगितलं, चहा प्यायला, डबा धुतला, ‘अभी आता हूँ’ म्हणून रस्ता ओलांडून गेला. पलीकडे काय आहे म्हणून मी पाहिलं. मोहरीची शेतं. नुसती मोहरी, वीतभर उगवलेली, माणूस लपेल एवढीही नाही. पाच दिवस राहिलो. दवाखाने पाहिले, दोन प्रेतं पाहिली, दोन्ही त्याची नव्हती. दुसऱ्या वेळी चादर उचलायच्या आधी मी म्हटलं, देवा, हा असू दे. मग म्हटलं, नको, नसू दे. काय मागावं तेच कळेना.

परत आल्यावर मंडळीनं माझ्यासाठी उपास केला, प्रार्थना केल्या. पहिलं वर्ष दर शुक्रवारी बायका घरी यायच्या. मग महिन्यातून. मग कोणी येईना. मी त्यांना दोष देत नाही. एकाच गोष्टीसाठी माणूस किती वेळ गुडघे टेकणार, गुडघेही दुखतात. पण एक बाई मला म्हणाली, ‘तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय, म्हणून उत्तर येत नाही.’ मी म्हटलं, ‘माप आणलंय का संगे? मोजून दाखवा.’ तेव्हापासून ती माझ्या बाकावर बसत नाही.

आणि मी काय केलं ते तुम्हाला सांगायला पाहिजे. तो गेल्यावरच्या नव्या वर्षाच्या सकाळी पोरीला अंघोळीला पाठवलं आणि तुमची पेटी घेऊन बसले. एक चिठ्ठी काढली. ती रडणाऱ्यांसाठीची निघाली, सांत्वनाची. मला सांत्वन नको होतं. मेलेल्याच्या घरी सांत्वन करतात. मी ती परत घातली, पेटी हलवली, दुसरी काढली. पाचव्या का सहाव्या वेळी पाहिजे ती निघाली, गेलेल्यांना दूर देशातून परत आणीन अशा अर्थाची. ती मी खळीनं चिकटवली भिंतीवर. पोरीला दाखवली, पाळकांना दाखवली, म्हटलं, बघा, देवानं मला सांगितलंय. त्या चिठ्ठीवर मी सात वर्षं काढली. कुंकू आपल्यात नसतं, पण गळ्यातले मणी मी काढले नाहीत. मेला समजून स्मरणाची भक्ती करा म्हणाले, मी करू दिली नाही. दीर म्हणाला, वहिनी, सात वर्षं झाली की कोर्टातसुद्धा मेला धरतात. मी म्हटलं, कोर्टानं त्याला जन्म दिला नव्हता.

आता पोरीचं जमलंय. जळगावचा मुलगा आहे, रेल्वेत, शांत, माझ्या पोरीला झेपेल असा. त्याची आई मागच्या आठवड्यात आली होती. बाई वाईट नाही. चहा घेतला, कपडे कुठे घ्यायचे बोललो, आणि मग कप खाली ठेवून म्हणाली, ‘विहीणबाई, एक विचारू? राग मानू नका. आमच्याकडे लोक विचारतात, मुलीचे वडील काय करतात. मी काय सांगू? बिनबापाची पोर असेल तर मी पोटाशी धरीन. पण तो कुठे पळून गेलेला असला, त्यानं दुसरीकडे संसार मांडलेला असला, आणि उद्या लग्नात दारात उभा राहिला, तर आमचं तोंड कुठे राहील? सूचनेत निजलेले म्हणून येऊ द्या. म्हणजे विषय मिटला.’

मी म्हटलं, ‘तो मेला हे मला माहीत नाही.’

‘जिवंत आहे हे तरी माहीत आहे का?’

मी कप गोळा करायला लागले. ती म्हणाली, ‘मग? तुमच्या पोरीचं बघा ना.’ जाताना मात्र स्पष्ट सांगून गेली, रविवारी आम्ही सगळे येतोय, सूचना ऐकू, आणि मग पुढचं बोलू.

पोरगी आतून ऐकत होती. बाहेर आली. माझ्यासारखीच आहे, तोंडाची. म्हणाली, ‘आई, लिहून टाक ना एकदाचं. पंधरा वर्षांची होते तेव्हापासून मी लोकांना उत्तर देतेय. हॉस्टेलच्या फॉर्मवर उत्तर देतेय, मैत्रिणींना देतेय. मला बाप मेला म्हणून रडू तरी दे.’

मी भिंतीवरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

ती म्हणाली, ‘तू त्यांची वाट बघत नाहीस. तुझं खरं निघावं याची वाट बघतेस.’

अक्का, पोटच्या पोरीनं असं बोलावं. मी तिला मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला, कारण ती खोटं बोलत नव्हती. मी ती चिठ्ठी किती वेळा हात घालून काढली होती हे तिला माहीत नाही, तरी तिला कळलं. त्या दिवसापासून मी प्रार्थना करायला बसते आणि मला शब्द सुचत नाहीत. ज्याच्या तोंडून मी जबरदस्तीनं बोलवून घेतलं त्याच्याशी आता बोलू काय? एवढी वर्षं मी ज्याला भरवसा म्हणत होते तो भरवसा नव्हताच. नुसता हट्ट होता. आणि तो हट्ट काढून घेतला तर खाली काय उरतं? मी हात घालून पाहते, खाली काही लागत नाही. तळ नसलेल्या विहिरीत बादली सोडावी तसं. दोर संपतो, पाणी लागत नाही. कामं करते, पोरींना वाढते, त्यांच्यावर ओरडते, आणि आत हे चाललेलं.

कालपासून तो अमळनेरकडचा दिवस सारखा डोक्यात येतोय. मी तेरा-चौदा वर्षांची असेन. तुम्ही मला पिशवी धरायला संगे घेतलंत, एका खेड्यात बाळंतिणीला भेटायला जायचं होतं, दवाखान्यात तुम्ही तिला वचन दिलं होतं. एस्टीनं फाट्यावर उतरवलं, आणि पुढे दोन वाटा फुटलेल्या. भर दुपार. कपाशी वेचणीला आलेली. मी विचारलं, अक्का, कुठली वाट? तुम्ही म्हणालात, माहीत नाही. मी म्हटलं, परतीची गाडी? तुम्ही म्हणालात, माहीत नाही. मला इतका संताप आला. मोठं माणूस असून काहीच माहीत नाही. रानात एक बाई कपाशी वेचत होती, कापसानं ओटी फुगलेली, तुम्ही तिला हाक मारून रस्ता विचारला. ती आपल्याला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, ‘दोन्ही बायाच? एक माणूस नही संगे? कोना भरोसावर फिरी ऱ्हायनात व माय?’

तुम्ही म्हणालात, ‘देवना भरोसावर.’

‘मंग माले काब्र इचारतस? त्यालेच इचार ना रस्ता.’

मला वाटलं तुम्ही आता तिला उपदेश करणार. तुम्ही हसलात. बांधावर बसून हसलात, डोळ्याला पदर लावून, ती बाईही हसायला लागली. मग तिनं तिच्या मडक्यातलं पाणी दिलं, आणि म्हणाली, डाव्या अंगानं जा. आपण डाव्या अंगानं निघालो. थोडं पुढे गेल्यावर तुम्ही माझा हात धरलात, आणि मला कळलं की तुमचा हात थरथरतोय. मी विचारलं, भ्यालात का? तुम्ही म्हणालात, ‘हो.’ बस, एवढंच. भिऊ नको म्हणाला नाहीत, देव बघून घेईल म्हणाला नाहीत. हो म्हणालात आणि चालत राहिलात. आणि अक्का, ते गाव डाव्या अंगाला नव्हतंच. त्या बाईनं चुकीचं सांगितलं होतं. आपण दिवस कलेपर्यंत फिरलो, बाळंतीण काही भेटली नाही, एका बैलगाडीवाल्या आबांनी आपल्याला फाट्यावर आणून सोडलं. तुम्ही या गोष्टीची साक्ष मंडळीत कधी दिली नाहीत. देण्यासारखी नव्हतीच. पण मला आज वाटतं, तुम्ही त्या दिवशी मला खोटं सांगितलं नाहीत, एकदाही. माहीत नाही म्हणालात, भीती वाटते म्हणालात. आणि हात सोडला नाहीत.

इथवर गुरुवारी लिहिलं होतं. आता रविवारची दुपार आहे.

काल पाळकसाहेबांकडे गेले. ते दारातच म्हणाले, ‘ठरलं का मावशी?’

‘लिहा, कुठे आहेत ते देवाला ठाऊक.’

ते म्हणाले, ‘असं वाचायची रीत नाही.’

‘नसेल.’

‘मुलाकडचे मोडतील. तुम्हाला कळतंय ना? मी पोरीशी बोललो, तिला निजलेले लिहिलं तर चालणार आहे.’

‘तिला चालेल. पण मेला असं मंडळीपुढे, देवाच्या घरात उभं राहून सांगायचं तर मला माहीत पाहिजे. मला माहीत नाही. आणि येईल असं सांगत होते, तेही मला माहीत नव्हतं. ते मी सात वर्षं खोटं सांगितलं.’

त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. ‘मावशी, हा विश्वास आहे की हट्ट?’

मी म्हटलं, ‘मला काय विचारता? शिकलेले तुम्ही.’

त्यांनी लिहिलं. घरी येऊन पोरीला सांगितलं. ती रडली नाही, आतल्या खोलीत गेली आणि उद्याची साडी इस्त्री करत बसली. एकच साडी कितीतरी वेळ.

आज सकाळी वाचलं. जळगावची माणसं तिसऱ्या बाकावर, सगळी आलेली. मुलाच्या बापाचं नाव, मग माझ्या पोरीचं, आणि मग पाळकसाहेब जरा थांबले, आणि वाचलं, यांचे वडील, जे कुठे आहेत हे देव जाणतो. कुणाची हरकत असल्यास सांगा म्हणाले. मी विहिणीकडे बघितलं नाही, बघण्याची ताकद नव्हती. हरकत कोणी घेतली नाही. उपासना संपल्यावर विहीण माझ्याजवळ आली. तिचं तोंड लाल झालं होतं. म्हणाली, ‘तुम्ही कठीण बाई आहात.’ मग म्हणाली, ‘अजून दोन रविवार आहेत, बघू.’ मुलगा मात्र माझ्या पोरीशेजारी जाऊन उभा राहिला, दोघं फाटकापर्यंत एकत्र गेली. मोडेल की राहील मला कळत नाही. पोरगी माझ्याशी अजून बोललेली नाही. जेवली मात्र.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, टपालाच्या पेटीतही नाही, कपाटातही नाही. लिहून झालं की गॅसवर धरीन. त्याच्या आधी एक सांगते, जे पाळकांना सांगितलं नाही, पोरीलाही कधी सांगणार नाही, आणि तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

पाळकसाहेब त्याचं नाव वाचत होते तेव्हा मी मान खाली घातली होती. मागच्या बायांना वाटलं असेल, प्रार्थना करतेय. करतच होते. ती चिठ्ठी चिकटवल्यापासून पहिल्यांदा तोंडानं मागितलं, पेटीत हात न घालता. मी म्हटलं, देवा, तो मेलेला असू दे. मेला असेल तर माझा आहे. जिवंत असेल तर दुसऱ्या कोणाचा आहे, आणि ते मला सोसणार नाही. एवढं म्हटलं आणि मी मान वर केली, कारण इतक्या वर्षांत एकदाही माझं ऐकलं नाही असं ज्याच्याबद्दल मी म्हणते, तो हे ऐकेल याची मला भीती वाटली.